पिसूच्या पोटातला ट्रॅफिक जॅम

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्या नावामागचा माणूस फारसा कुणाला माहीत नसतो. मुंबईला प्लेगची लस देणारा हा शास्त्रज्ञ, त्याच्यावर आलेला आळ आणि एका किड्याच्या पोटात दडलेलं प्लेगचं रहस्य, यांची ही गोष्ट.

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर तुम्ही कधी ना कधी गेला असालच. कुणी केईएमला नातेवाइकासाठी डबा घेऊन, कुणी टाटाला, कुणी वाडियाला. एमडी कॉलेजवाल्यांसाठी तर हा एरिया रोजचाच. तिथेच झाडांनी भरलेलं एक मोठं जुनं आवार आहे. गेटवर नाव आहे, हाफकिन. हे नाव ऐकलं की कुणाला सर्पदंशावरचं औषध आठवतं, कुणाला पोलिओचा डोस. मला स्वतःला फर्स्ट इयरपर्यंत ते कुठल्या तरी औषध कंपनीचं नाव वाटायचं. मुंबईसाठी आपल्या अंगात सुई टोचून घेतलेल्या माणसाचं ते नाव आहे, हे खूप उशिरा कळलं.

त्याची गोष्ट सांगायची तर आधी एका किड्याच्या पोटात शिरावं लागेल. थोडी किळस येईल, पण दोन मिनिटं सहन करा.

पोट नावाची पाइपलाइन

किड्याचं पोट म्हणजे तोंडापासून शेपटीपर्यंत गेलेली एक नळी. तिचे तीन भाग. पुढच्या भागात अन्न साठतं, मधल्या भागात पचतं आणि मागच्या भागात पाणी शोषून घेऊन उरलेला कचरा बाहेर टाकला जातो. झुरळ आणि वाळवी यांच्या मागच्या भागात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. लाकूड, कागद, पुठ्ठा असलं चिवट खाणं तेच कुजवून देतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन असे वायू तयार होतात. थोडक्यात, तुमच्या किचनमधल्या झुरळालाही गॅस होतो. हसू नका, गायीम्हशींच्या पोटात जे चालतं त्याचीच ही मिनी आवृत्ती आहे.

पिसूचा कारभार मात्र वेगळा. मोठी झालेली पिसू रक्ताशिवाय काही घेत नाही. घशाच्या स्नायूंचा पंप रक्त आत खेचतो. पुढची नळी आणि मधलं पोट यांच्यामध्ये एक दरवाजा असतो, त्याला म्हणतात प्रोव्हेन्ट्रिक्युलस. त्याला आतून बारीक काट्यांच्या रांगा असतात. रक्त पोटात गेलं की दरवाजा मिटतो, म्हणजे प्यायलेलं परत तोंडाकडे येत नाही. पिसू इतकं रक्त पिते की त्यातलं बरंचसं नीट न पचताच बाहेर पडतं. ते वाळतं आणि तिची पिल्लं तेच खाऊन वाढतात. फूड डिलिव्हरीची ही सिस्टीम निसर्गाने आपल्या खूप आधी बसवली आहे!

या काट्यांच्या दरवाजाची आठवण ठेवा. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईचं नशीब त्या दरवाजात अडकलं होतं.

ओडेसाचा पोरगा

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा. गाव ओडेसा, काळ्या समुद्राकाठचं बंदर, तेव्हा रशियन साम्राज्यात आणि आज युक्रेनमध्ये. घर ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना शिक्षक मिळाले ते इल्या मेचनिकोव्ह. पेशी बाहेरचे कण गिळून आतल्या आत कशा पचवतात, हा मेचनिकोव्ह यांचा ध्यास. त्यातूनच पुढे त्यांनी शरीर रोगजंतूंशी कसं लढतं याची थिअरी मांडली आणि १९०८ चं नोबेल मिळवलं. चेला हाफकिनही सुरुवातीला एकपेशीय जीवांवरच काम करत होते.

पण कॉलेजची वर्षं नुसती मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून गेली नाहीत. १८८१ मध्ये ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा मोहल्ल्याच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिन होते. जखमी झाले, अटक झाली. मेचनिकोव्ह यांनी खटपट करून त्यांना सोडवलं. पुढे प्राध्यापकी हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी परिस्थिती आली. त्यांनी नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे जतन केलेले प्राणी ठेवतात त्या म्युझियममध्ये, काम धरलं. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसला, पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे जागा कुठली मिळाली? असिस्टंट लायब्रेरियनची.

म्हणजे मनासारखी इंटर्नशिप मिळाली नाही म्हणून तुम्ही कुढत बसला असाल, तर हे वाचा. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात लॅबमध्ये बसायचं, असं करत या माणसाने कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःला. १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले. उत्तर भारत आणि बंगालमध्ये फिरून त्यांनी चाळीस हजारांहून जास्त लोकांना लस दिली. मधे मलेरियाने गाठलं, इंग्लंडला परतावं लागलं, तरी ते पुन्हा आले.

मांडवीत ताप आला

सप्टेंबर १८९६. मांडवी बंदराजवळच्या गोदामांत धान्याची पोती आणि पोत्यांत उंदीर. आधी उंदीर मेले, मग माणसं. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला : गाठीचा प्लेग. जांघेत किंवा काखेत गाठ, सडकून ताप आणि काही दिवसांत खेळ खलास.

त्या मुंबईची कल्पना करा. गिरण्या जोरात चाललेल्या, एकेका खोलीत डझनभर माणसं, उजेड नाही, हवा नाही. प्लेग पसरला तशी लाखो माणसं शहर सोडून गेली. कुणी बोटीने कोकणात, कुणी रेल्वेने घाटावर. मागे राहिलेल्यांना दोन भीती होत्या, एक प्लेगची आणि दुसरी सरकारची. अधिकारी घरात घुसायचे, आजाऱ्याला उचलून न्यायचे, सामान जाळायचे. आर्थर रोडच्या हॉस्पिटलात नेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा पसरली. आज आपण त्याला कस्तुरबा हॉस्पिटल म्हणतो. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगार तिथे चालून गेले. पुढच्या वर्षी साथरोगाचा कायदा आला, ज्याच्या आधारे २०२० मध्ये तुमची-माझी शाळाकॉलेजं बंद झाली, तोच. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. तिथेच प्लेगच्या नावाखाली झालेल्या जाचाचा राग उसळून चापेकर बंधूंनी रँडला मारलं.

अशा पेटलेल्या शहरात ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन आले. काम काय, तर प्लेगवर लस शोधा. जागा कुठली, तर भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि एक व्हरांडा. स्टाफ म्हणजे एक क्लार्क आणि तीन शिपाई.

साजूक तुपाची करामत

लस बनवायची तर आधी जंतू भरपूर वाढवायला हवेत. हाफकिननी मांसाच्या सारात प्लेगचे जंतू सोडले आणि वरून टाकलं चक्क तूप! साराच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगले आणि त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबकळत वाढले, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. बाटली हलवली की सुळके तळाशी पडायचे आणि वर नवे धरायचे. असं पुन्हा पुन्हा करून पीक दाट झालं की उष्णता देऊन जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंचं ते पाणी म्हणजे लस.

तीन महिने दिवसरात्र काम चाललं. एक मदतनीस मानसिकदृष्ट्या खचला, दोघं सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी स्वतःला डोस टोचला, तोही इतरांना देणार त्यापेक्षा कितीतरी जास्त. ताप चढला, दुखणं आलं, उतरलं. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस घेतलेल्यांमध्ये आजारीही कमी पडले आणि मेलेही कमी.

कैद्यांवर प्रयोग म्हटल्यावर आज आपल्या कपाळाला आठ्या पडतात, आणि पडायलाच हव्यात. तुरुंगातल्या माणसाच्या होकाराला किती अर्थ असतो, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारत नव्हतं. पण एक गोष्ट हाफकिन यांच्या बाजूने सांगायला हवी. लस सक्तीने द्यायची नाही, माणसाला पटवून द्यायची, यावर ते ठाम होते. तिसरे आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, मग त्यांच्या खोजा समाजातले लोक पुढे आले. लॅबसाठी आगाखानांनी आपला बंगलाही दिला.

लस परफेक्ट होती का? नव्हती. ताप यायचा, हात सुजायचा, संरक्षण काही महिनेच टिकायचं आणि काही जणांना लस घेऊनही प्लेग व्हायचाच. पण दुसरं काहीच हातात नव्हतं. मागणी इतकी वाढली की जागा पुरेना. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. गव्हर्नर पूर्वी तिथे राहायचे. १८८२ मध्ये एका गव्हर्नरची पत्नी, लेडी फर्ग्युसन, कॉलऱ्याने गेल्या आणि पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला. राजवाडा रोगाला भिऊन रिकामा झाला आणि रोगाशी लढणाऱ्यांच्या ताब्यात आला!

मधला दुवा कोण?

आता गंमत बघा. लस होती, पण प्लेग उंदरातून माणसात जातो कसा, हे पक्कं माहीत नव्हतं. घाणीतून? हवेतून? धान्यातून? अनवाणी पायांतून? सरकार फिनाइल ओतत होतं, भिंती धूत होतं.

पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर पाश्चर इन्स्टिट्यूटतर्फे मुंबईत आले होते. काही रुग्णांच्या कातडीवर त्यांना बारीक फोड दिसला, आणि त्यात प्लेगचे जंतू. हा फोड चावल्याचा असेल तर चावलं कोण? त्यांचा संशय पिसूवर गेला. जून १८९८ मध्ये कराचीला त्यांनी आजारी आणि निरोगी उंदीर असे ठेवले की अंगाला अंग लागणार नाही, पण पिसू उडी मारू शकेल. निरोगी उंदीर प्लेगने मेला. सिमाँ खूश झाले, बाकीच्यांनी मात्र त्यांना वेड्यात काढलं.

मुलकोवालची बाटली

इकडे परळहून बाटल्या देशभर जात होत्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली. आठवडाभराने त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिलेली होती. बाकी बाटल्यांतून दिलेल्यांना काही झालं नाही.

चौकशी बसली. ठपका परळच्या लॅबवर आला. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिननी कार्बोलिक ॲसिडऐवजी उष्णतेवर भर दिला होता, तीच चूक ठरवली गेली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तीच पद्धत आधीपासून वापरात होती, हे कुणी ऐकलं नाही. हाफकिनना पदावरून दूर केलं आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले. एका झटक्यात हिरोचा व्हिलन झाला.

खरं काय झालं होतं? मुलकोवालमध्ये बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट जंतुमुक्त न करताच वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. आणि एक साक्षीदार होता, वास! धनुर्वाताचे जंतू परळहून निघतानाच बाटलीत असते, तर इतक्या दिवसांत वाढून त्यांनी घाण वास सोडला असता. बाटली उघडली तेव्हा तसा वास आला नव्हता. हे सगळं कागदावर होतं, पण ते कागद बाहेर यायला वर्षं गेली.

परदेशी, ज्यू, आणि वर डॉक्टरकीची डिग्री नसलेला माणूस, म्हणून त्यांना बळी दिलं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. फ्रान्समध्ये खोट्या आरोपात अडकवलेल्या ज्यू कॅप्टन ड्रेफस यांच्या प्रकरणाशी लोकांनी याची तुलना केली.

परळमध्येच उत्तर मिळालं

मन चटका लावणारा भाग इथे आहे. हाफकिन लंडनमध्ये आपलं नाव धुवून काढायला झगडत होते आणि इकडे त्यांच्याच परळच्या आवारात पिसूवरचा खटला सुटत होता. ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी मुंबईत पाहिलं, की चाळीतले उंदीर मेले की त्यांच्या पिसवा उपाशी होतात आणि मिळेल त्या प्राण्यावर जातात, माणसावरही. घरात गिनीपिग सोडून त्यांनी अशा पिसवा पकडल्या. जिवंत ट्रॅपच म्हणा ना.

१९०५ मध्ये नवं प्लेग कमिशन कामाला लागलं. त्यांनी परळला प्रयोगासाठी छोट्या खोल्या बांधल्या, आत गिनीपिग, उंदीर, पिसवा. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला प्राणी प्लेगने मेला. दोन फुटांवरचा वाचला. कारण साधं होतं, पिसूची उडी तितकी उंच जात नाही. हवेतून प्लेग येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडला असता? सिमाँ बरोबर होते.

तरी एक कोडं उरलंच. पिसू तर रक्त आत ओढते. मग जंतू बाहेर कसे येतात? ते १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर बॅकॉट आणि चार्ल्स मार्टिन यांनी उलगडलं. आता तो काट्यांचा दरवाजा आठवा. प्लेगचे जंतू पिसूच्या पोटात गेले की एकमेकांना चिकटून, चिकट आवरण तयार करून, काट्यांमध्ये घट्ट गोळा होऊन बसतात. दरवाजा चोंदतो. ट्रॅफिक जॅम! पिसू रक्त पिते, पण ते पोटात जातच नाही. ती उपाशी. म्हणून ती पुन्हा चावते, पुन्हा पुन्हा चावते. ओढलेलं रक्त गोळ्यावर आपटतं आणि जंतू घेऊन जखमेत परत येतं. पिसू भुकेने मरते, पण मरण्याआधी प्लेग वाटून जाते.

हा गोळा माफक गारव्यात चांगला जमतो, उष्णता वाढली की नीट धरत नाही. मुंबईचा प्लेग थंडीत वाढायचा आणि उन्हाळा तापला की ओसरायचा, त्यामागचं एक कारण हे. ज्या रोगाने गिरण्या ओस पाडल्या, ज्याच्यामुळे १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला आणि पुढे दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आखली गेली, त्याचं इंजिन एका किड्याचं बिघडलेलं पोट होतं.

नाव धुतलं, पण...

जुलै १९०७ मध्ये, मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांच्यावरचा ठपका मागे घेतला. हाफकिन भारतात परतले, पण परळला नाही. तिथे त्यांची खुर्ची भरली होती. त्यांना कलकत्ता मिळालं आणि पहिल्यासारखं मोकळं काम मिळालं नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केलं नाही. जमवलेला पैसा पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवला आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला शांतपणे गेले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हयातीत झाली. १९२५ मध्ये परळच्या लॅबला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. तोवर मुंबईतून त्यांच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. १९६४ मध्ये त्यांच्या नावाने भारताचं पोस्टाचं तिकीटही निघालं.

कोविडमध्ये लस घ्यावी की नाही, यावर तुमच्याही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं झाली असतील. हाफकिननी तीच भांडणं व्हॉट्सॲपशिवाय झेलली. लस बनवायला त्यांना तीन महिने लागले. एका गावात पडलेल्या चिमट्याचा डाग पुसायला पाच वर्षं गेली. त्या एकोणीस जणांच्या घरच्यांचं काय झालं असेल, हेही विसरून चालणार नाही. शास्त्रज्ञ निर्दोष ठरला म्हणून त्यांचं दुःख कमी झालं नसणार. लस चांगली असून पुरत नाही, ती टोचणाऱ्या शेवटच्या हातापर्यंत सगळं स्वच्छ हवं. मुलकोवालने हे फार महाग शिकवलं.

पुढच्या वेळी केईएमवरून जाताना त्या आवाराकडे एकदा वळून बघा. आणि रात्री किचनचा लाइट लावल्यावर झुरळ पळालं, तर चप्पल उचलण्याआधी क्षणभर त्याच्या पोटाचा विचार करा. मग हाणा.